रात्रपाळी

हल्ली आमच्याकडे दिवस अडीचला उगवतो.
चिनावलच्या बागेत आधी दिसतात कपाळावरचे दिवे,
मग त्यांच्या खालची माणसं:
हुरमत तडवी, त्याचा मेव्हणा जुम्मा,
खिरोद्याची दोन पोरं,
आणि वही घेऊन मी, घड मोजणारी.

पूर्वी फजरची अजान झाली की आम्ही कोयते काढायचो.
आता अजान होते तेव्हा अर्धी गाडी भरलेली असते
आणि आम्ही चहाला बसतो.
अजान तिच्या वेळेला आहे. आम्ही सरकलो.

अंधारात घड कापायचा की नाही, हे बोटं ठरवतात.
केळाच्या अंगावरच्या धारा मावळल्या तर काप,
बोटाला धार लागली तर राहू दे आठ दिवस.
मी दिवा पुढे केला की हुरमत रागावतो:
"बंद कर ते. उजेडात डोये फसवतात, बोटं नाई."
चाळीस वर्षं उन्हात काढलेल्या माणसाला
हे साठीत कळलं, रात्री.

त्याची हलीमा मात्र वैतागलीय.
रात्री नवरा घरी नाही, दिवसा घोरतो.
"भांडू कधी?" म्हणते.

मे महिन्यात बागेत उभं राहिलं की
पानं कागद चुरगाळल्यासारखी वाजतात.
घडाचा दांडा वरच्या वर काळा पडतो, मोडतो,
आणि घड खोडाला टेकून लोंबतो
झोपेत मान पडलेल्या पोरासारखा.
तेही मोजायचे. त्याच वहीत, मागच्या पानापासून.
यंदा पुढची आणि मागची पानं
मधल्या पिनेपाशी भेटली.

ग्रामपंचायतीमागे, तारेच्या कुंपणात, हवामानाचं यंत्र आहे.
सलग पाच दिवस पंचेचाळीस भरलं तर विम्याचे पैसे.
चार दिवस भरलं.
पाचव्या दिवशी चव्वेचाळीस पूर्णांक आठ.
कुणीतरी म्हणालं, कुंपणालगतच्या निंबाची सावली
साडेतीनला यंत्रापर्यंत पोचते.
दोघं जण कुऱ्हाड घेऊन निघाले.
गावातली तेवढीच एक थंड जागा.
बुंध्याशी बसले, बिड्या ओढल्या, परत आले.
झाड आहे. पैसे नाहीत.

बाकी करायचं ते करतोय. काही जमतं.
पश्चिमेच्या बांधाला शेवरी दाटून लावली,
झळ आधी तिच्या अंगावर घेते ती.
नव्या रोपांशेजारी ताग पेरला,
कोवळेपणी कुणाची तरी आडोशाची सावली लागतेच.
वाळली पानं पूर्वी पेटवायचो, आता बुंध्याशी निजवतो,
फक्त उचलताना आधी काठी. घोणसलाही गारवा कळतो.
पत्र्याला चुना फासला:
पंखा आता गरमच हवा देतो, पण शिव्या देत नाही.
पाण्याचं काय सांगू.
तापी पाच कोसांवर, बोअर आठशे फुटांवर,
जवळचं कोणतं, माहीत नाही.

आणि जानेवारीत हीच झाडं चरक्यानं करपतात.
तेव्हा रात्रभर बांधावर धूर करायचा.
म्हणजे रात्र इकडूनही गेली, तिकडूनही.

परवा शेवटची गाडी सावद्याच्या रस्त्याला लावून
घरी चालले होते. साडेअकरा.
सगळ्या खिडक्यांना ओली पोती, गल्लीत कुत्रंही नाही,
गाव भर दुपारी निजलेलं, मध्यरात्रीसारखं.
फिरक्यांचा धाकटा ओट्यावरून ओरडला,
"काकू, दिवा चालूय तुमचा!"

एवढ्या उन्हात माझ्या कपाळावरचा तो ठिपका
याला दिसला कसा?
मी बटण दाबलं.
सेल महाग झालेत.